बर्फ मी लावला

पोरीला चौथ्या दिवशीही ताप होता, तेव्हा रोह्याच्या डॉक्टरांनी तिच्या हाताची शीर शोधून रक्त काढलं आणि ती नळी माझ्या हातात दिली. नळी म्हणजे माझ्या करंगळीपेक्षा बारीक, वर जांभळं बूच. पोर चौदा महिन्यांची, तिच्या अंगात रक्त असून असून किती असणार, आणि त्यातलं एवढं माझ्या मुठीत. मी तशी भित्रीच. लिफ्टला भिते, सुईला भिते, आठवीत शाळा सुटली त्यामुळे कुणी फॉर्म पुढं केला तरी छाती धडधडते.

डॉक्टर म्हणाले, "इथल्या लॅबचं मशीन बंद पडलंय. हे आत्ताच्या आत्ता पेणला न्या. प्लेटलेट किती आहेत ते आज कळायला पाहिजे, सध्या डेंगू खूप आहे."

"प्लेटलेट म्हंजे काय?"

"रक्तातले बारीक कण असतात. कुठं कापलं तर तेच जाऊन भोक बुजवतात. डेंगूत ते कमी होतात. फारच कमी झाले तर हिला इथं ठेवून चालणार नाही, मुंबईला न्यावं लागेल."

मुंबई म्हटल्यावर पुढचं मला काही ऐकूच आलं नाय. आमच्या आळीतलं एक पोर असंच मुंबईला नेलं होतं, ते महिनाभर काचेच्या खोलीत होतं आणि त्याची आई जिन्यात झोपायची. मला तो जिना दिसायला लागला. मी दाराकडं पळत सुटले तर मागून नर्स ओरडली, "ताई, जपून न्या हां! उन्हात धरू नका, खराब होईल!"

खराब होईल. आता खराब होऊ नये म्हणून काय करायचं, हे मला कुणी सांगायची गरजच नव्हती. माझी सासू मासळी बाजारात बसते. लग्न झाल्यापासून तीन वर्षं मी तिच्या बाजूला बसतेय. पहाटे बर्फाची लादी फोडायची, थर एक मासळीचा, थर एक बर्फाचा, वर गोणपाट, आणि दुपारपर्यंत मासळीचा डोळा पांढरा होऊ द्यायचा नाय. माझा हात त्यात चांगला बसलाय, सासूसुद्धा मान्य करते, तोंडावर नाय पण बाजूच्या बाईला सांगते.

म्हणून मी आधी घरी पळाले. दवाखान्यात सासू बरोबर होती, ती पोरीला घेऊन माझ्या मागून रिक्षाने आली, आल्याआल्या तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवायला बसली. तिचं लक्ष नव्हतं. मी मागच्या पडवीत थर्माकोलच्या पेटीतनं बर्फ काढला, बारीक कुटला, स्टीलच्या डब्यात भरला, नळी पिशवीत गुंडाळून त्यात बुचापर्यंत रोवली आणि वरनं आणखी एक मूठ बर्फ दाबला. झाकण लावताना मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! चार दिवसांत पयल्यांदा वाटलं की पोरीसाठी आपल्याला काहीतरी नीट करता आलं.

ह्यांना परत परत फोन लावला तर उचलेनात. धाटावला पहिली पाळी होती, कंपनीत फोन लॉकरमध्ये ठेवायला लागतो, तीन वाजल्याशिवाय काय मिळणार नाय. मी एकटीच एसटीत बसले.

डबा मांडीवर. नागोठण्यापर्यंत मी चारदा झाकण उघडून बघितलं, बर्फ वितळतोय की काय. बाजूला एक मावशी बसली होती, तिला राहवेना.

"काय गो, पापलेट का?"

"नाय."

"मग एवढं काय जपतेस? माहेरी नेतेस वाटतं काय चांगलंचुंगलं."

"रक्त हाय माझ्या लेकीचं."

मावशीने पिशवी उचलली आणि दोन सीट सोडून पुढं जाऊन बसली, तिथून वळून वळून माझ्याकडं बघत राहिली. आता हसू येतं, पण तेव्हा मला वाटलं, बरं झालं, डब्याला कुणाचा धक्का लागणार नाय.

पेणची ती लॅब वरच्या मजल्यावर. खाली गणपतीचा कारखाना, त्यामुळे जिन्याच्या पायऱ्यांवर पांढरी पावलं उमटलेली. मी दारात थांबले, डबा उघडला आणि मला एकदम लाज वाटली. आत बघितलं तर सगळं पांढरं स्वच्छ, काचा चकचकीत, आणि माझ्या डब्याला मासळीचा वास. मी नळी काढली, ओढणीने पुसली, बर्फ जिन्याखालच्या गटारात ओतला आणि डबा पिशवीत लपवला.

आतल्या ताई माझ्या आईच्या वयाच्या, चष्मा कपाळावर चढवलेला, हातात मोजे. त्यांनी नळी घेतली आणि म्हणाल्या, "एवढी गार कशी?"

"एसटीत वारा लागला."

कसं तोंडातून गेलं मला कळलं नाय. खोटं बोलायचं असं काय ठरवलं नव्हतं. पण त्या 'कशी' म्हणाल्या ना, तो आवाज आमच्या गणिताच्या बाईंसारखा होता. तसा आवाज ऐकला की माझं तोंड स्वतःला वाचवायला पयलं पळतं.

ताईंनी नळी हळूहळू उलटीपालटी केली आणि मशीनला लावली. मशीनने घोट घेतल्यासारखा आवाज केला, थोड्या वेळाने पडद्यावर आकडे आले. ताईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. मग मला विचारलं, "मुलीच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त येतंय का? अंगावर काळेनिळे डाग?"

"नाय. का?"

"एकवीस हजार दाखवतंय. दीड लाखाच्या वर पाहिजेत."

त्यांनी लगेच रोह्याच्या डॉक्टरांना फोन लावला. एवढा कमी आकडा आला की आधी डॉक्टरांना कळवायलाच लागतं, म्हणाल्या. फोनमधून डॉक्टरांचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता. मी चिठ्ठी लिहितो, गाडी बघायला सांगतो, मुलीला घेऊन निघू द्या, आई पेणला आहे तर तिला वाटेत घ्या.

म्हणजे मुंबईच. मी सासूला फोन केला, तोंडातून नुसतं "आई, कपडे भरा" एवढंच निघालं आणि मी बाकड्यावर बसून ढसाढसा रडायला लागले. सासू तिकडनं ओरडत होती, "अगो बोल तरी! कुणाचे कपडे? किती दिवसांचे?" तिला डॉक्टरांकडनं सगळं कळलं, माझ्याकडून काय कळलंच नाय.

रडता रडता बघतेय तर ताई काही माझं समाधान करायला आल्या नायत. त्या आत वाकून बसल्या होत्या. काचेच्या पट्टीवर त्यांनी आमच्या पोरीच्या रक्ताचा एक थेंब पसरवला, वाळवला, त्याला रंग लावला, धुतला आणि दुर्बिणीला डोळा लावला. बराच वेळ बघत होत्या. मग बोटाने मला बोलावलं.

"इकडे ये. बघ यातून."

मला आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग गुलाबी गुलाबी गोल दिसायला लागले, आणि त्यांच्या मध्ये एका जागी जांभळ्या दाण्यांचा ढीग. मुंग्या साखरेवर बसतात तसा.

"ते दाणे म्हणजे प्लेटलेट. ते सुटे सुटे असायला हवेत. मशीन एकेक दाणा मोजतं. असा ढीग झाला की ते त्याला प्लेटलेट समजतच नाही, भलतंच काहीतरी म्हणून सोडून देतं. मशीन खोटं बोलत नाहीये, पण आपण त्याला जे दिलं ते बरोबर नव्हतं." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आता मला सांग. नळी कुठं ठेवली होतीस? खरं सांग."

माझ्या डोक्यात काय काय चाललं होतं! सांगितलं तर पोरीला परत सुई. सांगितलं तर सासू म्हणणार, हिच्या हातात काय द्यायची सोय नाय. हे म्हणणार, एक नळी न्यायची होती तुला. डॉक्टर ओरडणार. आणि नाय सांगितलं तर गाडी निघालीच होती, ती येणार, मी बसणार, आणि त्या जिन्यात जाऊन झोपणार, कदाचित उगाचच. उगाचच हा शब्द डोक्यात आला आणि मी बोलले.

"बर्फात."

"कशात?"

"बर्फात. कुटून. वरनंपण लावला. मासळीला लावतो तसा. नर्स म्हणाली खराब होईल म्हणून मी... बर्फ मी लावला, ताई. कुणी सांगितलं नव्हतं."

ताई माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं आता मारतात. आणि त्या एकदम हसल्या, कपाळाला हात लावून हसल्या.

"अगं बाई, मग आधी बोलायचंस ना! वारा म्हणे लागला! बर्फात गारठून हे एकमेकांना चिकटले असतील. मला कळेना की एवढे ढीग का."

"मग आकडा खोटा?"

"खोटा असेल. पण असेल म्हणून चालत नाही, बघायला लागेल. काही पोरांच्या रक्ताला या जांभळ्या बुचातलं औषधच चालत नाही, त्यानेपण असे ढीग होतात. बर्फ की औषध की खरंच कमी, ते आता शोधायचं."

मी विचारलं, "बर्फ वाईटच असतो का मग?"

"वाईट कशाला? अमोनिया तपासायचा असेल तर नळी बर्फातच आणायला सांगते मी. काविळीचं रक्त उजेडापासून झाकून ठेवायला लागतं. लाल बुचातलं रक्त मुद्दाम गोठू देतो आणि वरचं पाणी तेवढं घेतो. काय शोधायचंय त्यावर ठरतं."

त्यांनी परत डॉक्टरांना फोन लावला. म्हणाल्या, नमुना गारठलेला होता, काचेवर ढीग दिसतायत, मी हा आकडा कागदावर देणार नाही, पोरीला इथं आणा, इथंच ताजं रक्त घेते. डॉक्टरांनी विचार केला. मग म्हणाले, पोर तशी हसतीखेळती आहे, रक्त कुठून येत नाही, आणि गाडी तशीही पेणवरूनच मुंबईला जाणार. थांबवा पेणला. आकडा आला की मला सांगा, मग पुढं पाठवायचं की मागं ते ठरवू.

तासाभराने खाली गाडीचा हॉर्न वाजला आणि जिन्यात सासूचा आवाज. "कुठं हाय ती? कुठं हाय लॅब? किती त्या पायऱ्या!" वर आली ती कडेवर पोर, खांद्याला कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात उशी. मुंबईला उशा मिळत नाहीत असं तिला वाटत असावं. पोरगी मला बघून माझ्याकडं झेपावली, अंग गरम होतं पण डोळे टकाटका.

सासूला सांगायलाच लागणार होतं. मी सांगितलं. तिने उशी खाली ठेवली.

"रगताला बर्फ लावलास?"

"व्हय."

"काय गो तू! रगत काय पापलेट हाय?"

ताई मध्ये पडल्या. "अहो आजी, तिला काय माहीत. रक्तातले कण जिवंतच असतात तसे. गार पडले की घाबरून एकमेकांना धरून बसतात. त्यांना अंगातल्यासारखं उबेत ठेवायला लागतं."

सासूने डोळे बारीक केले. बाजारात कुणी भाव सांगितला की करते तसे. मग म्हणाली, "म्हंजे चिंबोरीसारखं."

"खेकड्यासारखं? ते कसं?"

"चिंबोरीला बर्फ लावत नाय कुणी. बर्फात मेली की संपली, आतलं सगळं पाणी होतं. तिला जिती ठेवायची, ओल्या फडक्यात, टोपलीत. बोंबील सुकवायचा, पापलेट बर्फात, चिंबोरी जिती." आणि माझ्याकडं वळून, "तीन वर्षं माझ्या बाजूला बसतेस! चिंबोरीला कधी बर्फ लावलास का गो? मग हिच्या रगताला कशाला लावलास?"

ताई टेबलाला धरून हसत होत्या. म्हणाल्या, "आजी, माझ्याकडे दोन मुली शिकायला येतात, त्यांना हे तुमच्या तोंडून ऐकवायला पाहिजे. मी त्यांना वर्षभर हेच सांगतेय."

मग त्यांनी पंखा आणि एसी दोन्ही बंद केले. जांभळ्या बुचाची नळी काढली, निळ्या बुचाची काढली, एक काचेची पट्टी पुसून ठेवली. "निळीत दुसरं औषध आहे. जांभळं चालत नसेल तर ही खरं सांगेल. पण हिच्यात बरोबर खुणेपर्यंतच रक्त घ्यायला लागतं, थेंब कमी नाही, थेंब जास्त नाही. आणि तिसरं, सुईतून थेट काचेवर, कुठलंच औषध नाही. तिन्हींनी एकच गोष्ट सांगितली तर मी मानेन."

सुई टोचताना मी बघितलं नाय. पोरीने असा टाहो फोडला की खालच्या कारखान्यातली माणसं जिन्यात आली. ताई म्हणाल्या, "ओरड बाळा, ओरड, अंगात जोर आहे म्हणजे." सासूने तिचे पाय धरले होते आणि ती पोरीपेक्षा मोठ्याने "झालं झालं झालं" ओरडत होती.

मशीन मध्येच धुवायला लावलं होतं, त्याला थोडी मिनिटं लागणार होती. ताईंनी दोन्ही नळ्या माझ्यापुढं धरल्या. "घे. मुठीत धर. घट्ट नको, हलवू नको. तुझ्या हाताची ऊब तेवढीच पाहिजे."

"माझ्या हातात? परत?"

"तुझ्याच. आणि आता डबा नाही."

माझा हात भीतीने गारच होता. सासूच्या ते लक्षात आलं. तिने काही न बोलता पोरीला काखेत घेतलं आणि तिचा मोकळा हात माझ्या मुठीभोवती गुंडाळला. तिचा हात रोज बर्फात असतो, भेगाळलेला, खरखरीत, पण त्या वेळी तव्यासारखा गरम होता. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. ती माझ्याशी बोलत नव्हती, मशीनकडं बघून पुटपुटत होती, "लवकर धू की मेल्या."

मग ताईंनी जांभळी नळी घेतली. घोट. थांबलो. पडदा.

"एक लाख चौऱ्याण्णव हजार."

सासू म्हणाली, "हे चांगलं का वाईट ते सांगा."

"चांगलं. पण थांबा." निळी लावली. "एक लाख शहात्तर."

"कमी झालं!" मी किंचाळले.

"नाही गं. निळीत औषधाचं पाणी जास्त असतं, रक्त पातळ होतं. म्हणून येईल त्याच्यात दहावा हिस्सा मिळवायचा." त्या कॅल्क्युलेटर शोधायला लागल्या.

"एक लाख त्र्याण्णव हजार सहाशे," सासू म्हणाली.

ताईंनी कॅल्क्युलेटरवर केलं. बघितलं. सासूकडं बघितलं. "बरोबर आहे."

"असणारच," सासू म्हणाली.

काचेवरही सगळे दाणे सुटे होते. मला परत बघायला दिलं त्यांनी, आणि या वेळी माझ्या पापण्या मध्ये आल्या नायत. गुलाबी गोलांच्या मध्ये एक इथं, दोन तिथं, एक लांब कोपऱ्यात. मी मोजायला लागले आणि डोळ्यांत पाणी आल्यामुळे सगळं एक झालं.

ताईंनी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, मागं फिरवा गाडी, घरी न्या, तापाचं औषध चालू ठेवा, उद्या दाखवायला आणा. खाली ड्रायव्हर गाडीला टेकून उभा होता. "मग काय, मुंबई नाय?" "नाय रे बाबा!" सासू वरच्या खिडकीतून ओरडली. "रोहा! रोहा!" रस्त्यावरच्या माणसांना वाटलं असेल गाडी भरतेय.

तेवढ्यात ह्यांचा फोन. पाळी सुटली होती, लॉकरमधून फोन काढला तर माझे ढीगभर मिसकॉल. मी हॅलो म्हटलं आणि परत रडायला लागले, या वेळी आनंदाने, पण ते त्यांना कसं कळणार. "काय झालं? बोल ना! काय झालं पोरीला?" सासूने फोन हिसकावला. "काय झालं नाय. तुझी बायको रडते, तिला सवय हाय. घरी ये, येताना दूध आण." आणि बर्फाचं एक अक्षर बोलली नाय. त्या दिवशीच नाय, आजपर्यंत नाय. मीच नंतर ह्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीचा ताप उतरला होता. अंग गार, घाम आलेला. मी आनंदाने तिचा फ्रॉक बदलायला काढला तर पोटावर, पाठीवर, मानेवर सगळीकडं लाल लाल पुरळ! मी तशीच चप्पल न घालता दवाखान्यात पळाले. तिथं गर्दी होती, पण माझं तोंड बघून नर्सने आधी आत घेतलं.

डॉक्टरांनी पुरळ दाबून बघितलं आणि खुर्चीत मागं रेलले. "हेच. लहान मुलांना होतो हा ताप. तीन-चार दिवस ताप, तो उतरला की पुरळ येतं. पुरळ आलं म्हणजे आजार निघाला. दोन दिवसांत जाईल."

"डेंगू नाय?"

"डेंगू नाही."

"मुंबई नाय?"

"कशाला? फिरायला जायचंय का?"

मी बाहेर बाकड्यावर येऊन बसले. पोरगी माझ्या मांडीवर. चार दिवस तिने दूध सोडून काय तोंडात घेतलं नव्हतं. बाजूला एक मुलगा आईच्या कडेवर बसून बिस्कीट खात होता, अर्धं ओलं झालेलं. आमच्या बयेने त्याच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं, हात लांबवला आणि सरळ त्याच्या हातातून बिस्कीट ओढून तोंडात कोंबलं. पोरगा भोकाड पसरून रडायला लागला. त्याची आई म्हणाली, "अगो, तुझ्या पोरीला काय वळण हाय की नाय?"

मला माफी मागायची होती, खरंच मागायची होती. पण मी हसत होते, आणि पोरगी दोन्ही गाल भरून चावत होती, आणि मी तिला काय थांबवलं नाय.